एका दाराची खोली

"बाई, सगळ्यात आधी मला तुमची अपेक्षा सांगा," कंत्राटदार म्हणाला आणि कानावरची पेन्सिल काढून तयारीत बसला.

छोटीला गहिवरूनच आलं. अपेक्षा! हा शब्द तिच्या बाबतीत कुणी वापरल्याला जमाना लोटला होता. लग्नाच्या वयात एकदोनदा पाहुण्यांनी विचारलं होतं, पण तेव्हा उत्तर दादाने दिलं होतं. आज उत्तर तिचं तिला द्यायचं होतं आणि ते कित्येक वर्षं तिच्या जिभेवर तयार होतं.

"मला एक खोली अशी हवी," ती म्हणाली, "की जिच्यातून कुणालाही, कधीही, कुठेही जायचं नसेल."

कंत्राटदाराने पेन्सिल कागदावर टेकवली, उचलली, त्या पेन्सिलीनेच डोकं खाजवलं. "म्हणजे गोडाऊन?"

"गोडाऊन नाही हो! माझी खोली."

"हां, बेडरूम. मग तसं सांगा ना!" त्याने एक चौकोन काढला आणि सवयीने त्याला दोन दारं काढली. छोटीने पेन्सिल मागून घेतली आणि त्यातलं एक दार खोडलं. ही खोडाखोड कुठवर जाणार आहे, याची तेव्हा दोघांनाही कल्पना नव्हती.

आता छोटी म्हणजे कुणी परकर-पोलक्यातली मुलगी नव्हे. तिचं वय चोपन्न, केस निम्मे पांढरे, आणि ती कॉलेजच्या रसायनशास्त्राच्या प्रयोगशाळेत सहायक होती. तिच्या नुसत्या चष्म्याच्या काचा चमकल्या तरी परीक्षानळी हातात धरलेली मुलं चळाचळा कापत. पण थोरल्या भावाने एकदा छोटी म्हटलं ते म्हटलंच. वहिनी तिला 'छोटीताई' म्हणायची. या एका शब्दात आपण लहान आहोत की मोठ्या, हे छोटीला कधी कळलं नाही.

ती राहायची दादाकडे. दादाचं घर तीन खोल्यांचं, एकापाठोपाठ एक, आगगाडीच्या डब्यांसारखं. पुढे बैठक, मागे स्वयंपाकघर, त्याच्या पलीकडे मोरी. मधली खोली छोटीची. म्हणजे म्हणायला छोटीची. पुढच्यांना तहान लागली की ते मागे जात, मागे असलेल्यांना बेल ऐकू आली की ते पुढे येत, आणि दोन्हीकडचा रस्ता छोटीच्या पलंगाला खेटून जाई. दादा, वहिनी, त्यांची मुलं, मुलांचे मित्र, गॅसवाला, नळ दुरुस्त करणारा, झालंच तर मीटर बघायला येणारा माणूस. सगळ्यांनी छोटीला सगळ्या अवस्थांत पाहिलेलं होतं.

बरं, माणसं वाईट असती तर भांडता तरी आलं असतं. पण जो जाई तो मायेने चार शब्द टाकून जाई. "काय गं, बरी आहेस ना?" "पडलीस होय?" "काय वाचतेस?" कादंबरीतली नायिका शेवटचे श्वास मोजायला लागली की हमखास गॅसवाला खांद्यावर सिलिंडर घेऊन येई. साडी बदलायची तर आधी दोन्ही दिशांना दवंडी पिटावी लागे. रडणं तर अशक्यच. प्रयोगशाळेतल्या ज्या बाईंनी तिला हाताला धरून काम शिकवलं त्या गेल्या, त्या दिवशी छोटी घरी येऊन पलंगावर बसली. डोळे भरून आले एवढ्यात दादा तिथून मागे निघाला. "काय झालं गं?" पाठोपाठ भाची. "काय झालं आत्याला?" मग वहिनी थांबली, "पाणी आणू का?" भरलेले डोळे आल्या पावली परत गेले. बाईंसाठीचं ते रडू छोटीच्या घशात तसंच राहिलं, ते राहिलंच.

तेव्हापासून तिच्या मनात ती खोली होती. फार मोठी नाही. एक पलंग, एक खुर्ची, एक खिडकी. आणि एकच दार, ते बंद केलं की पलीकडचं जग आपापल्या रस्त्याने जाईल. लोकांना डोंगर बघावेसे वाटतात, समुद्र बघावासा वाटतो. छोटीला प्रयोगशाळेत बाटल्या पुसता पुसता एक बंद दार दिसायचं. आतून.

अखेर साठवलेल्या पैशांत बसेल असा एक प्लॉट मिळाला. प्लॉट कसला, पट्टी म्हणा. कंत्राटदाराने एका टोकाला उभं राहून डोळा बारीक केला आणि म्हणाला, "बसेल घर. पण अंग चोरून बसेल."

अरुंद पट्टीत खोल्या बसवायच्या त्या एकापाठोपाठ एकच. म्हणजे पुन्हा आगगाडी! छोटी हबकली, पण खचली नाही. प्रयोगशाळेत काचपट्ट्यांच्या रिकाम्या डब्या चिकार होत्या. मधल्या सुट्टीत ती टेबलावर त्या मांडायची, उलटसुलट करायची आणि दोन बोटांची टोकं चालवत या डबीतून त्या डबीत जाऊन बघायची. विभागप्रमुखांनी हे एकदा लांबून पाहिलं आणि तिला वर्षभरात किती रजा शिल्लक आहे याची काळजीने चौकशी केली.

तोडगा सोपा होता. आपली खोली सगळ्यात शेवटी घ्यायची. शेवटच्या डब्यातून पुढे कोण कुठे जाणार?

"बाथरूम," कंत्राटदार म्हणाला.

"बाथरूम मधे घ्या."

"ड्रेनेजची लाइन मागच्या अंगाला आहे, बाई. बाथरूम मधे घेतलं तर पाइप तुमच्या पलंगाखालून न्यावा लागेल. उतार मिळणार नाही, खर्च वाढेल, आणि तुंबला तर..." पुढचं त्याने सभ्यपणे हाताने दाखवलं. मग त्याचा चेहरा उजळला. "त्यापेक्षा असं करू. तुमच्या खोलीतूनच बाथरूमला दार. अटॅच्ड!"

हा शब्द कानावर पडताच सगळे खूश झाले. दादाने ऑफिसात सांगितलं, "आमच्या छोटीचं अटॅच्ड आहे बरं का." वहिनी नुसती "अगंबाई!" म्हणाली. एकटी छोटी विचारत राहिली, "पण आलेला पाहुणा बाथरूमला जाईल कुठून?"

"तुमच्या खोलीतून. दोन मिनिटांचं तर काम."

"मी झोपलेली असले तर?"

"उठवणार नाही तो तुम्हाला. हळूच जाईल."

यानंतर आले प्लॉटशेजारचे काका. हे काका छोटीपेक्षा जेमतेम आठ-दहा वर्षांनी मोठे, पण तिनेही त्यांना काकाच म्हणावं अशी त्यांची अपेक्षा होती. ते बँकेतून निवृत्त झाले होते आणि स्वतःचं घर एकदा बांधून झाल्यावर उरलेल्या उमेदीत गल्लीतलं प्रत्येक घर तोंडाने बांधत होते. हात मागे बांधून त्यांनी चुन्याच्या आखणीवरून एक फेरी मारली.

"मागच्या खोलीला मागे दार नाही?"

"नाही."

"चूक. घोडचूक. उद्या पुढच्या दाराने चोर आला तर पळायला जागा कुठे आहे?"

"कुणाला? मला की चोराला?"

काकांनी तिच्याकडे एखाद्या हप्ते थकवलेल्या खातेदाराकडे बघावं तसं बघितलं. "शिवाय हवा. एका दाराची खोली म्हणजे डबा. आपल्या घराला आम्ही पाच दारं ठेवली आहेत. वारा असा येतो, असा जातो."

वारासुद्धा जाणाराच! छोटीच्या मनात आलं, पण काकांनी एव्हाना कंत्राटदाराला बाजूला घेतलं होतं. परत आल्यावर कंत्राटदार म्हणाला, "काका म्हणतात त्यात तथ्य आहे." दुसऱ्या दिवशी नकाशात खोलीला मागचं दार लागलं.

चौथी वाट सरकारने दिली. मंजुरीच्या कचेरीतले साहेब नकाशा अशा काही बारकाईने बघत होते की छोटीला त्यांना भिंग आणून द्यावंसं वाटलं. गच्चीवर पाण्याची टाकी आहे. ती साफ करायला माणूस वर जाणार कुठून? बाजूच्या मोकळ्या जागेत जिना चालणार नाही, ती मोकळीच राहिली पाहिजे. घरातून जिना घ्यायला जागा नाही. "तुमचं तुम्ही बघा," साहेब म्हणाले. कंत्राटदाराने तिथल्या तिथे बघितलं. छोटीच्या खोलीच्या छताला एक चौकोनी झरोका आणि भिंतीला लोखंडी शिडी.

"वर्षातून एकदा येईल हो माणूस," तो तिची समजूत घालायला लागला.

"माझ्या डोक्यावरून?"

"डोक्यावरून नाही, बाई. पलंगावर पाय ठेवून."

साहेबांनी नकाशा पुन्हा पुढ्यात ओढला. "प्रत्येक जागेचं नाव लिहावं लागतं. हे काय? बैठक. हे स्वयंपाकघर. आणि हे?"

"माझी खोली," छोटी म्हणाली.

"तुमच्या तर सगळ्याच आहेत. उपयोग काय?"

उपयोग! उपयोग नाही म्हणून तर ती हवी होती, पण हे सरकारी टेबलासमोर, मागे रांग उभी असताना कसं सांगायचं? साहेबांनी बोटाने मोजलं. "हे एक दार पुढून येणारं. हे बाथरूमला जाणारं. हे मागे जाणारं. वर शिडी." त्यांनी लाल पेन उचललं. "याला आमच्याकडे पॅसेज म्हणतात."

आणि त्यांनी लिहिलं: पॅसेज.

छोटी भांडली. आयुष्यात प्रथमच सरकारी माणसाशी भांडली. "दारं मोजून खोलीचं नाव कसं ठरवता तुम्ही?" असं ती इतक्या मोठ्याने म्हणाली की मागच्या रांगेतला एकजण "बरोबर आहे" म्हणाला. साहेब शांतपणे म्हणाले, "खोलीत माणूस थांबतो, बाई. पॅसेजमधून जातो. एवढाच फरक." हे इतकं खरं होतं की छोटीने सही करायला पेन उघडलं. इतक्या वर्षांच्या स्वप्नावर लाल शाईतला तो एकच शब्द घेऊन तिने नकाशा मंजूर करून आणला.

त्यानंतर तिचा उत्साह पार मावळला. कंत्राटदार फोन करी, "टाइल्स कुठल्या?" ती म्हणे, "कुठल्याही." काम मात्र चालू राहिलं आणि भिंती गुडघ्याएवढ्या झाल्या. एका सुट्टीच्या दिवशी दुपारी ती साइटवर गेली. आपली खोली जिथे होणार होती तिथे आत शिरली आणि विटांच्या थप्पीवर बसली. वर छत नव्हतं, भिंती धड नव्हत्या, तरी तिने डोळे मिटले आणि त्या सगळ्या मनाने उभ्या केल्या. हळूहळू आवाज लांब गेले. कित्येक वर्षांत नव्हती अशी एक शांतता अंगावर उतरायला लागली. आता, अगदी आताच, काहीतरी होणार...

"बाई, जरा पाय घ्या."

एक बाई डोक्यावर सिमेंटची पाटी घेऊन उभी होती. छोटीने पाय घेतले. ती गेली. तिच्यामागे दुसरी आली. "बसा, बसा, आम्ही जातो कडेने," ती प्रेमाने म्हणाली. "बरं नाही का वाटत?" साइटवर मागे जायला रस्ता तोच होता.

छोटी ताडकन उठली आणि तिने कंत्राटदाराला हाक मारली. ती हाक प्रयोगशाळेतली होती. तो हातातला चहा टाकून आला.

"पेन्सिल द्या," ती म्हणाली. सिमेंटच्या रिकाम्या पिशवीचा कागद फाडून तिने त्यावर पट्टी आखली. पुढच्या कोपऱ्यात, रस्त्याच्या बाजूला, एक लहानसा चौकोन काढला. पलंग आणि खुर्ची मावेल एवढाच. त्याला एक दार, एक खिडकी. चौकोनाला वळसा घालून उरलेली सगळी पट्टी तिने एका रेघेत मागपर्यंत मोकळी सोडली.

"ही माझी खोली. आता हे उरलेलं सगळं घर पॅसेज करा."

कंत्राटदाराला वाटलं, बाईंना ऊन लागलं. "सगळं घर?"

"सगळं. त्याच्यातच लोक येतील, बसतील, एका भिंतीला ओटा, तिथे स्वयंपाक, शेवटी बाथरूम, तिथेच मागचं दार, तिथेच तुमची शिडी. जायचं तिथे जा म्हणावं. यायचं तिथून या म्हणावं. या चौकोनात मात्र कुणाचं काही काम नाही."

"बांधलेलं पाडायचं?"

"गुडघ्याएवढंच तर आहे."

"खर्चाचं काय?"

तिने त्याचाही विचार त्याच क्षणी केला. शोभेचं गेट सोडलं. बैठकीतल्या चकचकीत टाइल्स सोडल्या. स्वयंपाकघराची भिंतच नको झाली, तेवढ्या विटा वाचल्या. अटॅच्ड तर आनंदाने सोडलं. प्रत्येक 'सोडलं'बरोबर कंत्राटदाराचा चेहरा पडत गेला, कारण त्याने हे घर आपल्या पुढच्या गिऱ्हाइकांना दाखवायचं ठरवलं होतं.

काकांनी हे ऐकल्यावर दोन दिवस बोलणं टाकलं. हा त्या बांधकामातला एकमेव अनपेक्षित फायदा.

कचेरीत साहेबांनी नवा नकाशा बघितला, चौकोनाची लांबी-रुंदी गुणली आणि मान हलवली. "बेडरूमच्या नियमात बसत नाही, लहान आहे. स्टोअर लिहावं लागेल."

"लिहा."

साहेबांनी वर पाहिलं. "मागच्या वेळी तर केवढ्या भांडला होतात."

"तेव्हा दारं तीन होती," छोटी म्हणाली.

घर पुरं होत आलं तसा दादा घुम्या झाला. एका संध्याकाळी तो मधल्या खोलीतून जाता जाता थांबला आणि पलंगाच्या कडेला बसला. इतक्या वर्षांत तो तिथे कधी बसला नव्हता.

"छोटी, एक विचारू? आमच्याकडे तुला काय कमी पडलं?"

"काही नाही रे."

"मी कधी टाकून बोललो? हिने काही म्हटलं?"

"छे. वहिनीने कधी शब्दाने दुखवलं नाही मला."

"मग? येता-जाता मी तुझी विचारपूस करतो. करतो की नाही?"

"करतोस ना. रोज करतोस."

"मग काय, विचारत नको जाऊ?"

"विचार रे. पण दार वाजवून विचार."

दादाने पुढे बघितलं, मागे बघितलं. "इथे दार कुठाय?"

"तेच म्हणतेय मी," छोटी म्हणाली.

दादाने पलंगावरची चादर उगाच सरळ केली. त्याला सगळं कळलं असं नाही, पण काहीतरी कळलं असावं, कारण उठताना त्याने तिच्या डोक्यावर हात ठेवला आणि कुठे न जाता, आला तसाच पुढच्या खोलीत परत गेला. पाणी प्यायला निघाला होता, ते राहूनच गेलं.

छोटी नव्या घरी राहायला गेली त्या पहिल्याच रविवारी दादा आणि वहिनी घर बघायला आले. खोली तिने अजून मनासारखी अनुभवलीच नव्हती. सामान लावण्यात आठवडा गेला होता, सुतार-वायरमन यांची ये-जा संपली नव्हती. आज पाहुणे गेले की दार लावून निवांत बसायचं, असं तिने ठरवलं होतं. सकाळपासून तिला त्याचीच ओढ लागली होती.

दादाने पॅसेज, म्हणजे बाकीचं घर, दोन मिनिटांत पाहून संपवलं. मग तो खोलीच्या दारात आला, एक पाऊल आत टाकलं आणि सवयीने समोरच्या भिंतीकडे चालायला लागला.

"इथून पुढे कुठे?"

"कुठेच नाही."

"म्हणजे संपलं?"

"संपलं."

दादा भिंतीसमोर क्षणभर घोटाळला, मग पाठ फिरवून बाहेर आला. वहिनी मात्र आतच उभी होती. तिने खिडकीच्या गजांवरून हात फिरवला, पलंगाकडे पाहिलं, खुर्चीकडे पाहिलं.

"छोटीताई, मी जरा बसू इथे?"

"बसा ना वहिनी, विचारता काय?"

वहिनी खुर्चीवर बसली. अगदी कडेवर, कुणी हाक मारली तर उठता यावं अशी. मग हळूच मागे टेकली. "दार लावलं तर चालेल?"

"चालेल की."

दार लागलं. मग कडीचा आवाज आला.

छोटी बाहेर स्टुलावर बसली. दादाने वर्तमानपत्र उघडलं, वाचलं, मिटलं. आतून काही आवाज नव्हता. "अगं, निघायचं ना?" त्याने हाक दिली. "हं," आतून आलं. आणखी काही वेळ गेला. उन्हं ओट्यावरून खाली उतरली. "काय करतेय ही आत?" दादा उठला आणि दाराकडे निघाला.

"दादा, बस."

"अगं पण..."

"बस म्हणते ना."

तो बसला. आणि बंद दाराकडे बघता बघता छोटीला एकदम वाटलं, दादाच्या घरात वहिनी बसायची कुठे? तिने आठवून बघितलं. ओट्यापाशी उभी असलेली वहिनी आठवली. ताटं घेऊन मधल्या खोलीतून पुढे जाणारी, कपबश्या घेऊन मागे येणारी, बेल वाजली की लगबगीने निघणारी आठवली. मधल्या खोलीतून सगळ्यात जास्त वेळा तीच गेली होती, कारण दोन्हीकडून हाका तिलाच होत्या. बसलेली वहिनी काही केल्या आठवेना. छोटीला मध्ये का होईना, एक पलंग तरी होता.

इतक्यात आतून आवाज आला. बारीक, पण स्पष्ट. वहिनी रडत होती. मोकळेपणाने, घाई न करता, मधे थांबून नाक पुसून पुन्हा रडत होती. कशासाठी, ते तिलाच ठाऊक.

दादा घाबरून उभा राहिला. "छोटी, काय झालं तिला? विचारू का?"

"नको."

"पाणी तरी देऊ?"

"काही देऊ नकोस." छोटीने आपलं स्टूल उचललं, बंद दाराला लावून ठेवलं आणि दाराला पाठ टेकून त्यावर बसली. आपल्या खोलीत शिरायची तिचीच वेळ आज जात चालली होती, त्याची हुरहुर छातीत होती, पण दाराला टेकलेली पाठ काही हलेना.

आतला आवाज थोडा थांबला. "छोटीताई," वहिनी म्हणाली, "कुणी येत नाही ना?"

"नाही वहिनी. तुम्ही बसा सावकाश."

दादा ओट्यापाशी जाऊन उभा राहिला. काहीतरी करायलाच हवं म्हणून त्याने चहाचं भांडं शोधलं, पाणी घातलं, गॅस पेटवला. साखरेचा चमचा हातात घेतल्यावर तो अडला. वळून त्याने दाराकडे तोंड करून श्वास घेतला, तेवढ्यात छोटीने ओठांवर बोट ठेवलं.

"अगं, हिला साखर किती लागते ते तरी विचारू दे," तो कुजबुजला.

"बाहेर आल्यावर विचार."

"कधी येईल?"

छोटीने खांदे उडवले. दादाने गॅस बारीक केला, चमचा हातात धरून तो तिच्याशेजारी जमिनीवर येऊन बसला, आणि दोघं बहीणभाऊ दार उघडायची वाट बघत राहिले.